हेअर एक्स्टेन्शन पहिल्यांदा लावताय? आधी ते निघतं कसं, हे विचारा

खुर्चीत टेकल्या टेकल्या बहुतेक मुलींचा पहिला प्रश्न असतो, ‘ताई, किती दिवस टिकेल?’ दुसरा, ‘किती होतील?’ सोळा वर्षं मी पुण्यात केसांचं काम करतेय, त्यातली दहा-अकरा वर्षं एक्स्टेन्शनचं, म्हणजे स्वतःच्या केसांना वरून केस जोडण्याचं. ‘हे तुम्ही काढता कसं आणि काढणार कोण?’ असं आपणहून विचारणाऱ्या क्लायंट मला बोटांवर मोजण्याइतक्याच भेटल्या. खरं तर सुरुवात याच प्रश्नाने व्हायला हवी. लावताना काही चुकलं तर त्याच दिवशी कळतं. डोकं ओढतं, ठणकतं, परत जाऊन उतरवून घेता येतं. काढताना चुकलं तर तुमचे स्वतःचे केस हातात येतात.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी डोक्यावरून ओढणी घेऊन माझ्याकडे आली. भावाच्या लग्नासाठी तिने टेप, म्हणजे चिकटपट्टीने बसणारं एक्स्टेन्शन, लावून घेतले होते. लावून देणाऱ्यांनी काढण्याविषयी एक शब्द सांगितला नव्हता आणि नंतर फोनही उचलला नाही. दहा आठवडे झाले, टेप खाली सरकले, गुंता व्हायला लागला, तेव्हा तिने घरीच खोबरेल तेल चोपडलं आणि आरशासमोर बसून ओढून काढले. उजव्या कानाच्या वर रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी झाली होती. मागे चार-पाच ठिकाणी केस तुटून अर्धा इंच उभे राहिले होते, खराट्यासारखे. ती रडत नव्हती. एवढंच विचारत होती, ‘येतील ना परत?’ आले. पण ते कानाखाली पोचायला वर्ष लागलं, कारण केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यात घाई करता येत नाही.

हा लेख तिच्यासारख्या, पहिल्यांदाच हे करायला निघालेल्या मुलींसाठी आहे.

गंगावन आठवतंय का?

हे खूळ परदेशातून आलं असं कुणी म्हटलं की मला आजी आठवते. विंचरून झालं की फणीतलं गुंतवळ ती बोटाला गुंडाळायची आणि देवळीत एका पुडीत ठेवायची. दारावर बाई यायची, गुंतवळ घ्यायची, बदल्यात पिना, फुगे, कधी छोटं भांडं द्यायची. आजीचं स्वतःचं गंगावन होतं, वर काळ्या दोऱ्याने घट्ट बांधलेलं. वेणीच्या पेडात ते असं मिसळायची की आपल्याला शोधून सापडू नये. सणावारी अंबाडा याच गंगावनावर उभा राहायचा. आणि रात्री ते उतरवून खुंटीला टांगायची. मुळांना रोज रात्री विसावा.

हे शेवटचं लक्षात ठेवा. आजचं एक्स्टेन्शन महिनोन्‌महिने डोक्यावर राहतं, झोपेत, अंघोळीत, प्रवासात. सगळे फायदे त्यात आहेत आणि सगळा धोकाही त्यातच आहे.

आधी तुमचे केस बघा

एक्स्टेन्शन म्हणजे दुसऱ्याचे केस तुमच्या केसांना टांगणं. वजन शेवटी तुमच्या मुळांवर येतं. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि दिवसाला ५० ते १०० गळणं स्वाभाविक आहे. त्याहून खूप जास्त गळत असतील, उशीवर, मोरीच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसत असतील, तर आत्ता थांबा. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, डेंग्यू-टायफॉइडसारखा मोठा ताप येऊन गेल्यावर, हिमोग्लोबिन उतरल्यावर, थायरॉइड बिघडल्यावर केस असे झडतात. ते पार्लरचं काम नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कारण सापडू द्या, गळती थांबू द्या, मग माझ्याकडे या. चाई पडली असेल, टाळूला कोंडा-खपल्या-पुरळ असेल तरीही तेच.

घरी एक साधी परीक्षा करता येते. तेल न लावलेल्या केसांची बारीक बट, साधारण ६० केसांची, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत मुळाशी धरा आणि हलकेच शेंड्यापर्यंत ओढत न्या. डोक्यावर वेगवेगळ्या तीन-चार जागी करा. प्रत्येक वेळी दोन-तीन केस हातात आले तर ठीक. सहापेक्षा जास्त येत असतील तर गळती चालू आहे.

दुसरं, कानशिलांवर उजेडात बघा. लहानपणापासून घट्ट वेण्या, घट्ट पोनी बांधणाऱ्या बऱ्याच जणींची कपाळाच्या कडेची रेषा मागे गेलेली असते. ही ओढीमुळे झालेली गळती. लवकर लक्षात आली, ओढ थांबवली, तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. अशा जागी मी कितीही आग्रह झाला तरी काही लावत नाही. तुमच्या स्टायलिस्टनेही लावू नये.

आणि लांबी. तुमचे केस किमान चार-पाच इंच हवेत, नाहीतर जोड झाकला जात नाही. हनुवटीपर्यंत असतील तर मिसळणं बरंच सोपं जातं.

कुठला प्रकार घ्यायचा

तुमच्यासमोर कुणी कॅटलॉग उघडलं की नावांचा पाऊस पडतो. तुम्हाला खरं एवढंच कळायला हवं की प्रत्येक प्रकार तुमच्या केसाला धरून कसा राहतो, आणि सुटतो कसा.

पहिल्यांदाच घेत असाल तर मी क्लिप-इनच सांगते, आणि यात माझा धंदा कमी होतो हे मला माहीत आहे. सात-आठ पट्ट्या असतात, पाठीमागे छोट्या क्लिपा. लावायला पंधरा मिनिटं, काढायला दोन. आजीच्या गंगावनाची ही थेट नात आहे. एका लग्नासाठी, एका फोटोशूटसाठी, नऊवारीवर खोपा घालायचा आहे म्हणून कुणी महिनोन्‌महिने डोक्यावर राहणारं एक्स्टेन्शन लावून घेऊ नये. क्लिप जिथे बसणार तिथले केस मुळाशी थोडे उलटे विंचरले, किंचित स्प्रे मारला, की बारीक केसांवरसुद्धा पकड येते. फक्त झोपताना काढायचं आणि रोज त्याच जागी क्लिप लावायची नाही.

टेप म्हणजे साधारण चार सेंटिमीटर रुंदीची चिकट पट्टी. तुमच्या केसांचा पातळ थर मध्ये, खालून एक पट्टी, वरून एक पट्टी. सपाट बसतं, बारीक केसांना चांगलं. सहा ते आठ आठवड्यांनी वर सरकवून घ्यावं लागतं. याचा शत्रू एकच, तेल. आपल्याकडे शनिवारी रात्री टाळूला तेल चोळल्याशिवाय झोप न येणाऱ्या बायका आहेत, मीही त्यातलीच. टेप लावायचे असतील तर मुळांना तेल विसरावं लागेल. ते जमणार नसेल तर टेप नको, उगाच पैसे जातील.

रिंगमध्ये गोंद नाही, उष्णता नाही. बारीक धातूच्या कडीतून तुमची बट आणि जोडाची बट एकत्र ओवून पक्कडीने दाबतात. सहा ते दहा आठवडे. केस फार गुळगुळीत असतील तर कडी घसरते, म्हणून आत सिलिकॉनचा थर असलेलीच कडी मागा. एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या तंत्रज्ञाला डोक्यात धातू आहे हे आधी सांगायचं.

केरॅटिन बाँडमध्ये बटेच्या टोकाला असलेलं केरॅटिन गरम चिमट्याने वितळवून तुमच्या बटेभोवती वळतात, तांदळाच्या दाण्याएवढं. तीन-चार महिने राहतं, बटा मोकळ्या हलतात, दिसायला सगळ्यात नैसर्गिक. बसायला तीन-चार तास लागतात आणि काढायला त्याहून जास्त धीर. केस सरळ करणाऱ्या ‘केरॅटिन ट्रीटमेंट’चा याच्याशी काही संबंध नाही. नाव सारखं असल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. तुम्ही ती ट्रीटमेंट किंवा स्मूदनिंग अलीकडे केलं असेल तर मात्र ते आवर्जून सांगा, कारण अशा निसरड्या केसांवर टेप आणि रिंग दोन्ही लवकर सुटतात.

शिवून बसवायचा प्रकारही आहे. डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालायच्या आणि त्यांवर पट्टी सुईदोऱ्याने शिवायची. दाट, जाड केस असतील तरच. आपल्या पावसाळ्यात खालच्या वेण्या वाळत नाहीत, टाळूला कुबट वास येतो, खाज सुटते. मी जून ते सप्टेंबर हे काम घेत नाही.

भांग रुंद झालाय, वरची बाजू विरळ आहे आणि लांबी नकोच आहे, अशांना यातलं काहीच लागत नाही. त्यांच्यासाठी टॉपर, म्हणजे डोक्याच्या वरच्या भागापुरता केसांचा तुकडा, असतो. तो भांगावर क्लिपने बसतो. चाळिशी-पन्नाशीच्या अनेक जणी एक्स्टेन्शन मागायला येतात आणि टॉपर घेऊन समाधानाने जातात.

हे केस येतात कुठून

यावर मी थोडं जास्त बोलणार, कारण फसवणूक इथेच होते.

तिरुपतीला वाहिलेले केस तुम्ही ऐकून असाल. तिरुमला देवस्थान ते केस लांबीप्रमाणे निवडून लिलावात विकतं. वस्तऱ्याने एकाच वेळी उतरवलेली बट असल्यामुळे तिची मुळं एका बाजूला, शेंडे दुसऱ्या बाजूला राहतात. प्रत्येक केसावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात, मुळाकडून शेंड्याकडे झुकलेले. सगळे केस एकाच दिशेने असले की खवले एकमेकांवरून सरकतात, गुंता होत नाही. बाजारात याला ‘रेमी’ म्हणतात.

गुंतवळाचे केसही खरेच असतात, पण त्यात मुळं-शेंडे उलटसुलट मिसळलेले. मग कारखान्यात ते आम्लाच्या पाण्यात टाकून खवलेच काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा थर चढवतात. दुकानात हात लावला तर रेशीम. पाच-सहा धुण्यांत सिलिकॉन उतरतं आणि मानेमागे त्याच्या जटा होतात. ‘शंभर टक्के ह्यूमन हेअर’ असं पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. म्हणून ‘खरे केस आहेत का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘रेमी आहेत का’ हे विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

स्वतः कसं तपासायचं? एक बट घ्या, दोन बोटांत धरून वरून खाली फिरवा, मग खालून वर. खालून वर जाताना बोटांना किंचित खरखर लागायला हवी. दोन्हीकडून काचेसारखं गुळगुळीत असेल तर खवले उतरवलेले आहेत, किंवा सिलिकॉन जाड आहे. नमुन्याची बट मागून घरी न्या, चार-पाच वेळा शाम्पूने धुवा, वाळवा, मग विंचरून बघा. चांगला विक्रेता नमुना देतो. कृत्रिम धाग्याची शंका असेल तर एकच केस चिमट्यात धरून, सिंकवर, जाळून बघा. खरा केस पीस जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटाने चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. कृत्रिम वाईट असं नाही, एका कार्यक्रमासाठी चालतं, पण त्यावर साधं स्ट्रेटनर फिरवलं तर ते चिकटून बसेल.

स्टायलिस्ट कशी ओळखायची

इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून जाऊ नका, किंवा बघा आणि मग दुसरे फोटो मागा. पहिल्या दिवशी, कर्ल करून, रिंग लाईटसमोर कुणाचंही काम सुंदर दिसतं. ‘दीड महिन्यानंतर वर सरकवायला आलेल्या क्लायंटचे फोटो दाखवा’, असं म्हणा. ज्यांचं काम चांगलं आहे त्यांच्याकडे ते असतात. ज्यांच्याकडे क्लायंट परत येतच नाहीत त्यांच्याकडे नसतात.

पहिल्या भेटीत ती तुमच्या डोक्याला हात लावते का, हे बघा. मी आधी पंधरा मिनिटं नुसती टाळू बघते. भांग चार ठिकाणी पाडते, बोटाने दाबते, बटा ताणून केस किती लवचीक आहेत ते पाहते. विचारते: मेंदी लावता का, काळी की साधी, शेवटचा कलर कधी, कुठल्या गोळ्या चालू आहेत, बाळ केवढं आहे, घरी बोअरचं पाणी आहे की महापालिकेचं, पोहायला जाता का, डोक्यावरून रोज तेल-पाणी असतं का. हे न विचारता थेट रंगांच्या नमुन्यांची रिंग आणि रेटकार्ड पुढे ठेवणाऱ्या जागेतून उठून आलात तरी चालेल.

मग तुम्ही विचारा. सगळ्यात आधी तोच प्रश्न: काढता कसं, कशाने, किती वेळ लागतो, पैसे वेगळे का, आणि मी दुसऱ्या गावी असेन तर काय? टेपसाठी खास सोल्यूशन असतं, बाँडसाठीही सोल्यूशन आणि पक्कड, रिंगला पक्कड. हे नीट, न अडखळता सांगता आलं पाहिजे. ‘तेल लावलं की आपोआप निघतं’ हे उत्तर असेल तर ओढणीतली ती मुलगी आठवा. पुढे विचारा, किती ग्रॅम लावणार आणि का एवढेच. टेपच्या २० पट्ट्यांचं पाकीट साधारण ५० ग्रॅमचं असतं. फक्त दाटी हवी असेल तर बहुतेकींना १०० ग्रॅमच्या आसपास पुरतं. लांबीही हवी तर १५० आणि पुढे. बारीक, विरळ केसांवर ‘२०० लावू, मस्त भरगच्च दिसेल’ म्हणणारी व्यक्ती तुमच्या मुळांचा विचार करत नाही.

चिकट पदार्थाची पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा लावून ॲलर्जी येते का ते बघणं, आधी ४८ तास करून घ्या, कानामागे. ‘काही होत नाही कुणाला’ असं म्हणत ती टाळली तर मला ते पटत नाही. मी स्वतः दोघींच्या कानामागे लालबुंद चट्टा उठलेला पाहिला आहे. तो आख्ख्या टाळूवर उठला असता तर?

प्रमाणपत्र विचारायला लाजू नका. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा कोर्स असेल तर चांगलंच, पण एक्स्टेन्शनचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि ते हातावरच्या सवयीने पक्कं होतं. त्या प्रकाराचं काम किती वर्षं करता, हे विचारा. टेपमध्ये उत्तम असलेली व्यक्ती बाँडमध्ये नवखी असू शकते. ‘हे मी करत नाही, अमुक ठिकाणी जा’ असं सांगणारी स्टायलिस्ट मिळाली तर तिला सोडू नका.

पैशांचे चार भाग असतात: केस, बसवणं, वर सरकवणं, काढणं. चारही आकडे आधी लिहून घ्या. पहिला आकडा स्वस्त दाखवून बाकीचे तीन नंतर सांगणं या धंद्यात फार चालतं. टेपचे चांगले केस असतील तर नवी चिकटपट्टी लावून तेच पुन्हा दोन-तीनदा वापरता येतात. तेव्हा केस तुमच्या मालकीचे आहेत आणि काढल्यावर तुम्हालाच मिळणार, हेही बोलून घ्या.

रंग, आणि बसवण्याचा दिवस

रंग मुळांशी जुळवायचा नसतो, शेंड्यांशी जुळवायचा. आणि दिवसाच्या उजेडात, दाराशी उभं राहून. पार्लरच्या पिवळ्या दिव्याखाली आपल्या केसांचा काळा आणि गडद तपकिरी सारखेच दिसतात, बाहेर आल्यावर फरक कळतो. शंका असेल तर फिकट छटा घ्या. जोडाचे केस गडद करता येतात, फिकट करायला गेलात तर बहुतेक वेळा खराब होतात. आणि केस तुम्ही कसे बांधता ते सांगा. रोज अंबाडा किंवा वर पोनी बांधणारीला आणि मोकळे सोडणारीला एकाच जागी पट्ट्या बसवल्या तर पहिलीचे जोड मानेवर उघडे पडतील.

बसवायच्या दिवशी केस साध्या शाम्पूने दोनदा धुऊन, कंडिशनर न लावता जा. आरशात बघत राहा. भांग सरळ पडतायत का, कपाळाची कड आणि मानेवरची लव सोडून बोट-दीड बोट आत काम चाललंय का, टाळूपासून थोडी जागा सोडून जोड बसतोय का. जोड टाळूला चिकटून बसला की केस मुळाशी हलत नाही आणि सतत ओढ लागते. मधला तुमच्या केसांचा थर पट्टीला तोलणारा हवा: फार पातळ घेतला तर वजनाने तुटतो, फार जाड घेतला तर चिकटत नाही.

उठण्याआधी मान खाली घाला, वर करा, दोन्हीकडे वळवा, हाताने सैल पोनी धरून बघा. एखाद्या जागी टोचत, ओढत असेल तर बोट ठेवून दाखवा आणि तो जोड तिथल्या तिथे काढून परत बसवायला सांगा. पहिला दिवस डोकं थोडं जड वाटेल, ते चालतं. ‘रात्री एक पेनकिलर घ्या’ असं कुणी सांगितलं तर काम घट्ट झालंय. वाट बघू नका, उतरवून घ्या.

नवरीसाठी एक महत्त्वाची गोष्ट. हळदीच्या आधी टेप लावून घेऊ नका. हळद आणि तेल केसांत जाणारच, करवल्या काही ऐकत नाहीत. तेलाने टेप सुटतो आणि फिकट रंगाच्या बटांवर हळदीचा डाग बसला की निघत नाही. हळद झाली, डोकं नीट धुतलं, मग लावा. आणि पहिल्यांदाच असेल तर थेट लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी एकदा चाचणी म्हणून लावून, काढून बघा. मुंडावळ्या कानशिलांवरून जातात, तिथे एकही जोड नको. अक्षता बटांत अडकतात, त्या रात्री बोटांनी वेचून काढायच्या, कंगव्याने ओढायच्या नाहीत. गजरा बांधताना पिना जोडावर टोचू नयेत, एवढं माळणारीला सांगून ठेवा.

घरी आल्यावर

पहिले ४८ तास पाणी नाही, घाम येईल असा व्यायाम नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने, उभं राहून, पाणी वरून खाली. डोकं खाली घालून, केस पुढे घेऊन धुतलेत तर गुंता ठरलेला. कंडिशनर कानाखालीच. जोडाच्या केसांना तुमच्या टाळूचं तेल पोचत नाही, म्हणून ते कोरडे पडतात. शेंड्यांना दोन थेंब सीरम किंवा तेल लावा, जोडापासून चार बोटं लांब. बोअरच्या जड पाण्याने केस ताठ आणि निस्तेज होतात. सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत राहणाऱ्या माझ्या क्लायंट शेवटची बादली फिल्टरच्या पाण्याची घेतात आणि फरक दिसतो.

ओल्या केसांनी झोपू नका, हे दहा वेळा सांगायची माझी तयारी आहे. जोड आधी थंड हवेच्या ड्रायरने वाळवा, बाकीचे आपोआप वाळतील. झोपताना सैल वेणी घाला आणि उशीला सॅटिनचा अभ्रा. विंचरताना एक हात मुळाशी जोड धरून ठेवायचा आणि शेंड्यांपासून वर यायचं, आजी गुंता सोडवायची तसंच. रोज बोटांनी जोडांच्या मधून टाळूपर्यंत फिरवा. शेजारचे दोन जोड एकमेकांत अडकायला लागले की त्यांची गाठ होते आणि ती गाठ पुढे कात्रीनेच सुटते. स्ट्रेटनर १८० अंशांच्या वर नको. पोहायला जाण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून वेणी घाला आणि टोपी.

काढायचा दिवस

तारीख फोनमध्ये आजच घालून ठेवा. ‘अजून चांगलं दिसतंय, पुढच्या महिन्यात बघू’ यातच नुकसान होतं. आठ आठवड्यांत केस अडीच सेंटिमीटर वाढतात, जोड तेवढा खाली येतो, आणि लोंबणारं वजन पिळ खात राहतं.

काढताना सोल्यूशन लावून थांबायचं असतं. दोन मिनिटं, पाच मिनिटं. जोड आपोआप सैल होतो, हलक्या हाताने सरकतो. ओढ जाणवली की ‘थांबा, अजून लावा’ म्हणा. तुम्हाला तो हक्क आहे.

मग स्टायलिस्टच्या हातात तुमच्याच केसांचा एक पुंजका दिसेल आणि पोटात गोळा येईल. माझ्याकडे या क्षणी प्रत्येक जण घाबरते, म्हणून मी आधीच सांगून ठेवते. रोजचे जे ५०-१०० केस गळायचे, त्यातले जोडात अडकलेले केस खाली पडू शकत नव्हते. दोन महिन्यांचं ते गळलेलं आज एकदम बाहेर आलं. त्या केसांची टोकं उजेडात धरून बघा: टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल आणि केस पूर्ण लांबीचा असेल तर तो आपलं आयुष्य संपवून गळलेला केस आहे. ठिपका नाही, लांबी निम्मी, टोक चिरलेलं, असे केस जास्त दिसले तर ते तुटलेले आहेत. मग पुन्हा लावू नका, जास्त वजनाचं काम झालं होतं का, ते विचारा.

सगळं ठीक असलं तरी मी लगेच दुसरं बसवत नाही. निदान दोन-तीन आठवडे डोकं मोकळं ठेवायला सांगते. त्या शनिवारी रात्री कोमट खोबरेल तेल घ्या आणि टाळूला भरपूर चोळा.